मीडियम वेव्हचा घरगुती रेडिओ: कामाच्या नोंदी

जागा कोथरूड, पुणे. तिसरा मजला, आरसीसी इमारत. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण हडपसरहून होतं. इथून हवाई अंतर बारा-तेरा किलोमीटर, दिशा जवळजवळ सरळ पूर्व. मुंबईची ५५८ आणि १०४४ ही स्टेशनं वायव्येला, सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. अपेक्षा अशी: ७९२ दिवसा स्पीकरवर स्वच्छ लागावं आणि जमल्यास मुंबईची दोन्हीही, तीही दिवसाच. सुपरहेट (प्रत्येक स्टेशन आधी आयएफ या एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आणणारा सेट) करायचा नाही, त्यामुळे आयएफटी, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीचे छोटे ट्रान्सफॉर्मर, नाहीत. एक फेराइट रॉड (कॉइल गुंडाळायचा चुंबकीय दांडा), एक गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), तीन पायांची आयसी आणि छोटा अँप्लिफायर एवढंच.

९ नोव्हेंबर

काहीही विकत घेण्याआधी कारखान्यातला साधा ट्रान्झिस्टर सेट घेऊन घरभर फिरावं. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले आहेत. जवळचं केंद्र अजून मीडियम वेव्हवर बोलतंय याची खात्री करून घ्यावी, नाहीतर बंद स्टेशनासाठी कॉइल गुंडाळली जाते आणि दोष सर्किटमध्ये शोधला जातो.

इथे ७९२ सगळ्या खोल्यांत दणदणीत लागतं. ५५८ फक्त पश्चिमेच्या खिडकीपाशी बरं लागतं. १०४४ खरखरीच्या खाली पुसट ऐकू येतं. दिवाळीच्या माळा अजून उतरलेल्या नाहीत आणि त्यांचे कंट्रोलर सगळ्या पट्ट्यावर करकर सोडतात. लांबच्या स्टेशनांची खरी तपासणी तुळशीची लग्नं आणि त्रिपुरी पौर्णिमा उलटल्यावरच होईल.

सामान तपकीर गल्लीतून आणलं: १० मिमी जाडीचा १२० मिमी लांब फेराइट रॉड, २६६ पीएफचा (पिकोफॅरड, कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) दोन भागांचा पीव्हीसी गँग, ३० गेजची इनॅमल तार ५० ग्रॅम, टीए ७६४२ (तीच तीन पायांची रेडिओ आयसी) दोन, एलएम ३८६ (अँप्लिफायरची आयसी) एक, काचेचे जर्मेनियम डायोड म्हणून मिळालेले सहा नग. गँग घेताना त्याची क्षमता पीएफमध्ये विचारून घ्यावी. खिशातल्या सेटचा छोटा गँग बहुधा १४० आणि ६० पीएफ असा असतो. तसाच मिळाला तर दोन्ही भाग एकत्र जोडून २०० पीएफ धरावेत आणि फेरे वाढवावेत. आकडे पुढच्या नोंदीत आहेत.

११ नोव्हेंबर

कॉइल. रॉडवर जाड कागदाची नळी, रॉडवरून सहज सरकेल इतपत सैल. तार नळीवरच गुंडाळायची, थेट रॉडवर नाही, कारण पुढे जुळवणी कॉइल सरकवूनच होते.

पहिली कॉइल ८५ फेऱ्यांची. तपासायला ना सिग्नल जनरेटर, ना एलसी मीटर; एक सोपी युक्ती पुरते. कारखान्यातला सेट ७९२ वर लावून आवाज बारीक करायचा. त्याच्या आतल्या रॉडला समांतर, चार-पाच इंचांवर आपला रॉड धरायचा, कॉइलला फक्त गँग जोडलेला. गँग हळू फिरवला की एका जागी सेटचा आवाज एकदम फुगतो किंवा बसतो. तिथे आपली कॉइल ७९२ ला जुळलेली असते. बॅटरी लागत नाही आणि कॉइल-गँग ठीक आहेत हे डाख द्यायच्या आधीच कळतं.

८५ फेऱ्यांवर ७९२ गँग बराच उघडल्यावर आलं, तेव्हाच शंका आली. हिशेबाने पट्टा साधारण ४०५ ते १३६० किलोहर्ट्झ पडतो. म्हणजे खाली जिथे काही नाही तिथे गँगचा प्रवास वाया जातो आणि वरचा भाग पट्ट्याबाहेर राहतो. २६६ पीएफच्या एका भागाला कॉइलचा इंडक्टन्स सुमारे ३२० मायक्रोहेन्री लागतो. या रॉडवर ते ६५ फेऱ्यांत बसलं. २०० पीएफच्या गँगला ४२० च्या आसपास लागतात, म्हणजे ७४-७५ फेरे. रॉड बदलला की आकडा बदलतो. म्हणून दहा फेरे जास्तीचे घालून उतरवत यावं. कमी पडलेली तार जोडत बसण्यापेक्षा ते सोपं. ८५ फेऱ्यांची कॉइल तशीच बाजूला ठेवली, तिचं काम पुढे निघालं.

रॉड बसवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळायची: त्याच्याभोवती धातूची बंद कडी नको. पत्र्याची क्लिप रॉडला पूर्ण वेढा घालून मिटली की तो एक शॉर्ट झालेला फेरा होतो, स्टेशन निम्म्याहून खाली येतं आणि जुळणी बोथट होते. प्लॅस्टिकची केबल टाय किंवा दोरा वापरावा. शिवाय फेराइट ठिसूळ असतं. एक रॉड टेबलावरून पडून मधोमध तुटला. चिकटवून तो वापरता येतो, पण सांध्यामुळे इंडक्टन्स घटतो आणि फेरे पुन्हा मोजावे लागतात. साठ रुपयांसाठी ते करण्यात अर्थ नाही.

१३ नोव्हेंबर

पहिला टप्पा डायोडचा, बॅटरीशिवाय. हा टप्पा गाळू नये. यात आवाज वाढवणारं काही नसल्याने कॉइल, एरियल आणि अर्थिंग यांतला दोष लपत नाही.

जोडणी: कॉइलला समांतर गँग, एका टोकाला डायोड, डायोडच्या पलीकडे १ नॅनोफॅरडचा कंडेन्सर आणि ४७ के (किलोओहम) रेझिस्टर, दोन्ही अर्थला. ऐकायला क्रिस्टल इअरफोन असेल तर ४७ के हवाच, कारण पायझोमधून डीसी जात नाही. तो रेझिस्टर नसेल तर आवाज चिरका होतो आणि मग बंदच पडतो. मोबाइलचे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात, ते थेट जोडले की काहीच ऐकू येत नाही. क्रिस्टल इअरफोन बाजारात मिळाला नाही, म्हणून २३० व्होल्टचा ६ व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा वापरला: २३० ची बाजू ४७ के च्या जागी, इअरफोन ६ व्होल्टच्या बाजूला. डायोडला ३२ ओहमचे जवळजवळ ४७ किलोओहम दिसतात. ट्रान्सफॉर्मर मेन्सला जोडायचा नाही, हे मुद्दाम लिहावंसं वाटतं.

आवाज नाही. दोष अर्थिंगमध्ये निघाला. जुन्या पुस्तकांत अर्थसाठी नळाला तार बांधा असं असतं, पण या इमारतीत नळ सीपीव्हीसीचे आहेत आणि वर दिसणाऱ्या चकचकीत तोटीच्या मागे प्लॅस्टिक आहे. तार खिडकीच्या लोखंडी गजांना बांधली (रंग खरवडून), तसं लगेच स्टेशन आलं. तळमजल्यावर असाल तर मीटरभर तांब्याची किंवा जीआयची सळई ओल्या जमिनीत ठोकणं उत्तम. भिंतीतल्या प्लगच्या अर्थ पिनला हात लावू नये. वायरिंगमध्ये चूक असेल तर ते जिवावर बेतू शकतं, आणि नसेल तरी घरभरचा गोंगाट त्या तारेने आत येतो.

एरियल गच्चीवरून खाली सोडलेली १५ मीटर तार. ती कॉइलच्या टोकाला थेट जोडताच ७९२ गँग जवळजवळ पूर्ण उघडल्यावर गेलं, कारण एवढी तार स्वतःच शंभरेक पीएफ असते. मध्ये ६८ पीएफचा सिरॅमिक घातल्यावर स्टेशन जागेवर आलं. विजेच्या तारांपासून लांब ओढावी आणि वळवाच्या दिवसांत उतरवून ठेवावी.

१७ नोव्हेंबर

आवाज होता, पण जेवढा हवा त्याहून पुष्कळ कमी. डायोड तपासले. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर जर्मेनियम ०.२ ते ०.३५ व्होल्ट दाखवतो. सहापैकी चार नग ०.६ च्या वर निघाले, म्हणजे काचेतले साधे सिलिकॉन. मीटर खिशात घालून दुकानात जावं आणि तिथेच मोजून घ्यावेत. जुन्या भंगार सेटमध्ये ओए ७९ सापडला तर तो सगळ्यांत चांगला. शॉटकी जातीचा डायोड चालतो, पण १एन ५८१९ सारखा पॉवर सप्लायचा घेऊ नये, त्याची स्वतःची कपॅसिटी इतकी असते की जुळणी सरकते. बॅट ८५ ठीक चालला.

खरा डायोड लावून ४७ के वर डीसी मोजलं: ७९२ नेमकं जुळल्यावर ०.८ व्होल्ट. हाच आपला जुळणीचा मीटर. कानाला न कळणारा फरक इथे लगेच दिसतो. डायोड कॉइलच्या टोकावरून काढून तळापासून २२ व्या फेऱ्याच्या टॅपवर नेला, तर व्होल्टेज घटलं पण गँगवर ७९२ ची रुंदी निम्म्यावर आली. टॅपसाठी तिथे तारेचा छोटा पीळ काढून इनॅमल खरवडावं. त्या जागी शेजारचे दोन फेरे एकमेकांना चिकटले तर पुन्हा तोच शॉर्ट झालेला फेरा.

गजांची आणि गच्चीची तार काढून नुसत्या रॉडवरही ७९२ पुसट ऐकू येतं. इथे सिग्नलची टंचाई नाही, हे त्यावरून स्पष्ट झालं. पुढची सगळी अडचण उलट बाजूची आहे: एवढ्या बलवान स्टेशनाच्या शेजारी दुबळं स्टेशन वेगळं काढायचं.

२३ नोव्हेंबर

दुसरा टप्पा, टीए ७६४२. कॉइलचं एक टोक मधल्या पायाला, म्हणजे इनपुटला. दुसरं टोक १० नॅनोफॅरडमधून ग्राउंडला, आणि त्याच टोकापासून १०० के आउटपुट पायाला. आउटपुटवर १ के मधून १.४ व्होल्ट, आणि आउटपुटपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड. बाजूच्या दोन पायांची अदलाबदल कंपनीनुसार होते, म्हणून हाती असलेल्या आयसीचाच तक्ता बघावा. खात्री करायची तर आउटपुटवरचा डीसी मोजावा. १.४ व्होल्ट सप्लायला १ ते १.१ व्होल्ट दिसलं तर पाय बरोबर आणि आयसी जिवंत. पूर्ण १.४ किंवा जवळपास शून्य दिसलं तर पाय उलटे किंवा डाख सुटलेला.

ब्रेडबोर्डवर (डाख न देता भाग टोचून जोडायच्या पाटीवर) हे सर्किट चाललं नाही. पूर्ण पट्टाभर शिट्टी, गँगला हात लावला की सूर बदलतो, कॉइल सरकवली की बदलतो. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत काही पीएफची ओढ असते आणि आयसीत इतका गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) आहे की आउटपुट तेवढ्यानेही कॉइलमध्ये परत शिरतो. कंडेन्सर बदलून, १०० के च्या जागी २२० के लावून, वायर आखूड करून पाहिलं. सुट्टीचा पूर्ण दिवस यात गेला आणि हाती काही लागलं नाही. हे सर्किट ब्रेडबोर्डवर लावूच नये.

२४ नोव्हेंबर

कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या बोर्डाचा, दोन इंच बाय तीन इंचांचा तुकडा. तांबं खाली अखंड ठेवून त्यावर त्याच पत्र्याचे छोटे चौकोन चिकटवले आणि त्यांवर डाख दिले. झीरो पीसीबीही (तयार भोकांचा बोर्ड) चालते, पण मग ग्राउंडच्या ओळी जाड डाखाने एकमेकींना जोडाव्यात. १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर आउटपुट आणि ग्राउंड या पायांवर थेट, पाय अगदी आखूड. सगळ्यांत जास्त फरक या एका कंडेन्सरच्या जागेने पडतो.

गँगची बाजूही महत्त्वाची. दांडीला जोडलेला भाग कॉइलच्या थंड टोकाला, म्हणजे १० नॅनोफॅरडच्या टोकाला यायला हवा. उलटा जोडला की बोट लावताच स्टेशन पळतं आणि शिट्टी परत येते.

गँगच्या दोन खोड्या. त्याच्या आत प्लॅस्टिकचे पातळ पडदे असतात. डाख देताना २५ वॅटचं आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवलं की पाय सैल पडतो आणि फिरवताना करकर येते. दुसरी खोडी बसवण्याच्या स्क्रूची. ते अडीच मिलिमीटरचे आणि अगदी तोकडे हवेत. लांब स्क्रू आत जाऊन पट्ट्यांना भिडतो आणि गँग एका जागी अडकतो किंवा शॉर्ट होतो. एक गँग असाच गेला. स्क्रूखाली दोन वॉशर घातले की प्रश्न मिटतो.

शिट्टी पूर्ण गेली. पण ७९२ भरडं आणि फाटलेलं येतं, आणि गँगच्या अर्ध्या प्रवासात तेच ऐकू येतं. आयसीचा आपोआप गेन आवरण्याचा आवाका मर्यादित आहे, हडपसरचा सिग्नल त्याच्या पलीकडे जातो. उपाय रॉड फिरवण्याचा. रॉडची टोकं स्टेशनाकडे केली की ते स्टेशन बसतं, म्हणजे दबतं. टेबलावर रॉड आडवा ठेवून हळूहळू वळवला, एका कोनात आवाज स्वच्छ झाला. आणखी वळवल्यावर ७९२ जवळजवळ नाहीसं झालं आणि पहिल्यांदा त्यामागून ५५८ ऐकू आलं.

३० नोव्हेंबर

एलएम ३८६. पाय ६ ला ६ व्होल्ट, ४ ग्राउंड, २ ग्राउंड, ३ ला व्हॉल्यूमच्या १० के पॉटचा मधला पाय, ५ पासून २२० मायक्रोफॅरडमधून ८ ओहमचा स्पीकर. पाय ५ पासून ग्राउंडला १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरड सीरिजमध्ये. ते गाळलं तर आवाजाच्या उंचवट्यांवर फाटका सूर येतो. पॉटच्या आधी १ के आणि २.२ नॅनोफॅरड, म्हणजे आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचा सिग्नल) पुढे जाणार नाही. टीए ७६४२ चा आउटपुट १ मायक्रोफॅरडमधून इथे येतो.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नये. स्वस्तातली असेल तर मोठ्या आवाजाला तिचं व्होल्टेज कोसळतं. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट स्वस्तही पडतात आणि टिकतातही. टीए ७६४२ चे १.४ व्होल्ट याच सप्लायमधून काढले: १ के रेझिस्टर आणि त्याच्या खाली दोन १एन ४१४८ डायोड सीरिजमध्ये, त्यांना समांतर १०० मायक्रोफॅरड. मोजून १.३८ व्होल्ट.

सुरू करताच फट्-फट्-फट्, सेकंदाला तीन-चार. आवाज कमी केला की थांबतं, वाढवला की सुरू. स्पीकरने ओढलेला करंट सेलचं व्होल्टेज हलवतो, ते टीए ७६४२ पर्यंत पोहोचतं आणि तिथून वाढून परत येतं. डायोड सगळं गाळत नाहीत. आधी एलएम ३८६ च्या पाय ६ वर थेट ४७० मायक्रोफॅरड लावला, त्याने फट्-फट् मंदावली पण गेली नाही. मग सेल आणि १ के यांच्या मध्ये १०० ओहम घालून तिथून ग्राउंडला २२० मायक्रोफॅरड. थांबली. शिवाय स्पीकरची ग्राउंड तार टीए ७६४२ च्या ग्राउंडमधून न नेता थेट सेलच्या ऋण टोकाला नेली, ते पहिल्यापासूनच करायला हवं असं काम आहे.

पाय १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड घातला की गेन २० चा २०० होतो. घालून पाहिला. ७९२ ला गरजच नाही. ५५८ वर स्टेशन आणि खरखर दोन्ही तेवढेच वाढले, समजणारा एकही शब्द वाढला नाही. कंडेन्सर काढून टाकला. स्टेशन ऐकू येत नाही म्हणून पुढे अँप्लिफायर वाढवण्याचा मोह या कामात वारंवार होतो आणि दर वेळी उत्तर मागे, कॉइलपाशी असतं.

४ डिसेंबर

दिवाळीच्या माळा उतरून बरेच दिवस झाले, तरी ५५८ आणि १०४४ खरखरीखाली आहेत. खरखर हवेतली की घरातली हे ठरवायला सर्वांत सोपी कसोटी: रेडिओ बॅटरीवर चालू ठेवून घराचा मेन स्विच बंद करणं. आवाज एकदम स्वच्छ झाला, ५५८ वरच्या बातम्या शब्दन् शब्द कळू लागल्या. दोष घरातच होता.

मग एकेक एमसीबी चालू करत, रेडिओ हातात घेऊन शोध. सापडलं ते असं. स्वयंपाकघरातला एक स्वस्त एलईडी बल्ब, पट्टाभर गुणगुण. त्याच क्षमतेचा दुसऱ्या बनावटीचा लावला, गुणगुण गेली. आतल्या फिल्टरचा फरक असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, पंखा अर्ध्या वेगावर असताना जाड भुणभुण, पूर्ण वेगावर शून्य. मोबाइलचा एक चार्जर, मोबाइल नसतानाही प्लगमध्ये चालू; फिरवत गेलं की पट्ट्यावर ठरावीक अंतराने खरखरीचे उंचवटे येतात. इंडक्शन शेगडी चालू असेपर्यंत काहीच ऐकू येत नाही, त्याला इलाज नाही. राउटरचा अडॅप्टर रेडिओपासून दोन मीटर लांब नेला, पुरलं.

शेजारच्या घरातलं काही बंद करता येत नाही, पण खरखरीलाही दिशा असते. रॉड फिरवून ती बसवता येते, फक्त त्याच वेळी ७९२ ही बसवायचं तर रॉड एकच आहे. रेडिओ भिंतीपासून चार-पाच फूट आत घेतला तरी फरक पडतो, भिंतीतल्या वायरिंगमधून येणारा गोंगाट अंतराने झपाट्याने घटतो. सगळ्यांत चांगली जागा पश्चिमेच्या गॅलरीत, जमिनीवर नव्हे तर स्टुलावर.

८ डिसेंबर

७९२ आणि ५५८ वेगळे करणं.

हडपसर पूर्वेला, म्हणून रॉड पूर्व-पश्चिम ठेवला की ७९२ बसतं. मुंबई वायव्येला असल्याने रॉडच्या रेषेपासून साधारण ३५ अंश सुटते, त्यामुळे तिचा सिग्नल पूर्ण मिळत नाही, निम्म्याहून थोडा जास्त मिळतो. नागपूरसारख्या ठिकाणी किंवा कोकणात हा कोन वेगळा पडेल, नकाशा घेऊन आधी बघावं. ज्याला बसवायचं आणि जे ऐकायचं ती दोन्ही स्टेशनं एकाच रेषेत असतील तर ही युक्ती चालत नाही.

आरसीसी घरात सळया सिग्नल परत फेकतात, म्हणून ७९२ पूर्ण शून्य होत नाही. इथे ८५ फेऱ्यांची जुनी कॉइल कामी आली. दुसरा रॉड घेऊन त्यावर ती, समांतर भंगारातल्या वेगळ्या गँगचा एक भाग, बाकी कशालाही न जोडलेली. मुख्य रॉडला समांतर दीड-दोन इंचांवर ठेवून तिचा गँग फिरवायचा. ७९२ ला जुळली की ती ते स्टेशन गिळते. अंतर फार कमी केलं तर मुख्य कॉइलची जुळणीही ओढली जाते, फार वाढवलं तर परिणाम नाही. इथे ४५ मिमीवर सर्वांत चांगलं जमलं आणि तिथेच लाकडी पट्टीवर पक्कं केलं. ५५८ दिवसा मागच्या ७९२ शिवाय ऐकू आलं.

मग कॉइलची तार बदलली. भंगारातल्या जुन्या सेटची मीडियम वेव्ह कॉइल उलगडून तिची लिट्झ तार ६५ फेरे गुंडाळली. लिट्झमध्ये केसासारखे अनेक धागे असतात आणि प्रत्येकावर वेगळं इनॅमल. टोकाचे सगळे धागे डाखले गेले पाहिजेत, एखाद-दुसरा सुटला तरी फायदा जातो. ॲस्पिरिनची गोळी आयर्नने वितळवून त्यात टोक बुडवलं की इनॅमल निघतं, पण धूर घशाला झोंबतो, खिडकीतच करावं. साध्या तारेच्या तुलनेत ७९२ ची रुंदी गँगवर स्पष्ट कमी झाली आणि १०४४ पहिल्यांदा दुपारी समजण्याजोगं लागलं. या संपूर्ण कामात एका बदलाने एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही. आणि खर्च शून्य.

१४ डिसेंबर

पट्टा जुळवणं. खालचं टोक ५५८ वरून: गँग जवळजवळ पूर्ण बंद असताना ५५८ यायला हवं, तोवर कॉइलची नळी रॉडवर सरकवायची. मधोमध इंडक्टन्स जास्त, टोकाकडे कमी. वरच्या टोकाला स्टेशन नाही, म्हणून पुन्हा कारखान्यातला सेट. ४५५ किलोहर्ट्झ आयएफ असलेल्या सेटचा ऑसिलेटर लावलेल्या स्टेशनापेक्षा ४५५ ने वर चालतो. तो सेट ११४७ वर लावून अर्ध्या फुटावर ठेवला की १६०२ वर एक मूक सिग्नल मिळतो. आपल्या रेडिओवर त्या जागी मागची सळसळ एकदम बसते. तिथे गँगच्या पाठीवरचा ट्रिमर फिरवून जागा पक्की करायची. मग पुन्हा ५५८, पुन्हा १६०२. दोन्ही टोकं एकमेकांना थोडी ओढतात, म्हणून आलटून पालटून. नव्या डीएसपी (डिजिटल चिपच्या) सेटवर ही युक्ती चालत नाही, जुना सेटच हवा.

जुळल्यावर नळी मेणबत्तीच्या मेणाने पक्की केली. फेव्हिक्विक लावू नये, पुढे सरकवायची वेळ आली तर कागद फाटतो.

पेटी सागाच्या उरलेल्या फळ्यांची. धातूचा डबा चालणार नाही, रॉड आत बहिरा होतो. स्पीकर रॉडपासून निदान चार इंच लांब ठेवावा; त्याचं चुंबक जवळ आलं की स्टेशनाची जागा सरकते. पहिल्या मांडणीत स्पीकर दोन इंचांवर होता आणि जुळवलेला पट्टा सगळा हलला, मग फळी कापून बाजू बदलली. सेलचा होल्डरही रॉडच्या टोकाखाली नको.

२१ डिसेंबर

खर्च रुपयांत. रॉड ६०, गँग ४५, तार ८०, टीए ७६४२ दोन ५०, एलएम ३८६ बेससह २५, चार इंची स्पीकर ९०, पॉट १५, रेझिस्टर-कंडेन्सर ६०, कॉपर क्लॅड ४०, होल्डर २५, सेल ६०. एकूण ५५०. वाया गेलेलं वेगळं: तुटलेला रॉड ६०, स्क्रूने गेलेला गँग ४५, जर्मेनियम म्हणून घेतलेले डायोड ६०. म्हणजे ७१५. गिळणारी कॉइल करायची तर आणखी एक रॉड धरावा. तिला गँग मुख्य गँगचा मोकळा भाग वापरून चालत नाही, कारण दोन्ही भाग एकाच दांडीवर फिरतात. इथे भंगारातला वेगळा गँग होता.

सेलचा खर्च कमी करायला १.४ व्होल्टचा १ के रेझिस्टर बदलून २.२ के केला. डायोडमधून चारऐवजी दोन मिलिअँपिअर जातात, आयसीला लागतात अर्ध्याहून कमी. व्होल्टेज १.३८ चं १.२८ झालं. ५५८ किंचित हळू झालं, पण ७९२ फाटणं आणखी कमी झालं. जवळचं एकच स्टेशन ऐकायचं असेल तर १.२ पर्यंत खाली आणायला हरकत नाही. आवाज बंद असताना एकूण करंट आठ मिलिअँपिअरच्या आसपास, खोलीत बरा ऐकू येईल एवढ्या आवाजाला पंचवीस ते तीस.

सेल उतरत ४.५ व्होल्टच्या खाली गेले की एलएम ३८६ आधी फाटू लागतो, टीए ७६४२ तोवर ठीक चालते. आवाज फाटू लागला तर सर्किट उघडण्याआधी सेल मोजावेत.

डायल अजून बाकी आहे. ५५८, ७९२, १०४४ या जागा पेन्सिलने लावल्या आहेत. मधले आकडे कारखान्यातल्या सेटच्या ऑसिलेटरवरून घ्यायचे, पण तो ९८६ च्या खाली उतरत नाही, म्हणून ५५८ ते ९८६ मध्ये ७९२ सोडून अंदाजाच्या रेघा येतील. रात्री लांबची स्टेशनं लागतात तेव्हा त्यातल्या काही भरून निघतील.